'रिव्हेंज'मधला 'व्हेंज' म्हणजे काय?

फोंड्याची बाई: आज नववीत 'रिव्हेंज' शब्द आला. एका मुलीने विचारलं, "बाई, 'रि' म्हणजे पुन्हा, मग 'व्हेंज' म्हणजे काय?" मला सांगता आलं नाही. उद्या तिला नीट उत्तर द्यायचं आहे. 'अव्हेंज', 'व्हेंडेटा' हे त्याच घरातले का?

सत्तरीचा बागायतदार: बाई, त्याच घरातले. मूळ लॅटिन 'विंदिकारे', म्हणजे हक्क सांगणे. रोमन न्यायात वादातल्या वस्तूवर काठी टेकवून 'ही माझी' असा दावा मांडत. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'व्हेंजिए' झालं, म्हणजे सूड घेणे. पुढे लागलेला 'रि' जोर देण्यासाठी आहे, 'पुन्हा'साठी नव्हे. 'व्हिंडिकेट'ही त्यातलाच. 'व्हेंडेटा' मात्र इटालियनमधून १९ व्या शतकात इंग्रजीत आला, कॉर्सिका बेटावरच्या घराण्यांच्या पिढीजात वैरासाठी. त्याचं मूळ 'विंदिकारे'च्याच कुळातला लॅटिन 'विंदिक्ता', म्हणजे सूड. गुलामाला मुक्त करताना ज्या काठीने स्पर्श करत, तिलाही विंदिक्ताच म्हणत!

माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. मानकुराद आंब्याचं कलम लावलं की पाऊस सरेपर्यंत रोज जाऊन बघायचे आणि नवी पालवी दिसली की घरात येऊन सांगायचे, "विंगो!" म्हणजे जगलं, रुजलं. त्याच पोर्तुगीज 'विंगार' क्रियापदाचा दुसरा अर्थ सूड घेणे, आणि तोही 'विंदिकारे'तूनच आलेला, हे मला कॉलेजात कळलं. त्या दिवशी मी बराच वेळ त्या झाडाखाली बसून होतो.

म्हापशेकर: अहो, मग आपलं 'सूड उगवणे' बघा! लहानपणी मला वाटायचं, सुडाला कोंब फुटतो. पण जुन्या मराठी कागदांत 'उगवणी' म्हणजे सारावसुली. उगवणे म्हणजे आपलं येणं वसूल करणे. रोमन माणूस काठी टेकवून हक्क सांगत होता, आपला माणूस येणं उगवत होता.

डिचोलीची वाचक: 'रिटॅलिएट'ही सांगा मुलांना. लॅटिन 'तालिस' म्हणजे 'तसा', त्यावरून 'तालियो', जशास तसे. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात, इ.स.पू. ४५० च्या सुमारास, कुणी दुसऱ्याचा अवयव मोडला आणि दोघांत समेट झाला नाही, तरच तालियो होता. समेटाची वाट आधी ठेवली होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

फोंड्याची बाई: सगळ्यांचे मनापासून आभार. बागायतदार दादा, ते कलम अजून आहे का?

सत्तरीचा बागायतदार: आहे. यंदाही मोहर धरलाय.