मालवणच्या रापणीत सुतळीएवढा मासा

प्रश्न: मी मिरजेत विज्ञान शिकवते. मालवणला जाळ्यात हा मासा दिसला, तोंड नळीसारखं. पोटाखाली अंडी. मादीच ना?

उत्तर: बाई, तो नर! नळीमासा, समुद्रघोड्याचा भाऊबंद. मादी अंडी नराकडे सोपवते. पिल्लं निघेपर्यंत तोच ती अंगावर वाहतो, काही जातींत चक्क पिशवीत. अंगावर खवल्यांऐवजी हाडांची कडी. दात नाहीत, जठरही नाही, म्हणून दिवसभर बारीक कवचधारी जीव नळीतून ओढत राहतो. समुद्री गवतात पातं होऊन लपतो. गवत गेलं की बिचाऱ्याचं घरच जातं.

उत्तर (सांगली): काही जाती खाडीच्या मचूळ पाण्यातही राहतात. २००१पासून या कुळाला कायद्याचं संरक्षण आहे. जिवंत दिसला तर लगेच पाण्यात सोडायला सांगा, कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ती: मुलांना उद्याच सांगते!