मदत हवी आहे: अंतःस्रावी जनुकशास्त्र आणि एनएलपी, दोन्हींत काम असलेल्या संशोधिकेची प्रकाशनसूची कशी जुळवावी?

खाजन (फोंडा)

एका ज्येष्ठ संशोधिकेची संपूर्ण प्रकाशनसूची निवड समितीपुढे ठेवायची आहे. सुरुवातीचे काम अंतःस्रावी जनुकशास्त्रातले: अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात विकार (सीएएच) आणि मोडी हा तरुणपणी दिसणारा आनुवंशिक मधुमेह. पुढचे काम नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंगमधले (एनएलपी), म्हणजे वैद्यकीय लेखांतून जनुकांची व उत्परिवर्तनांची नावे आपोआप शोधून काढण्याचे.

पबमेडमध्ये (वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत) आडनाव आणि 'गोवा' टाकले की नको ते लेख ढिगाने येतात, पण छापील प्रत हातात असलेले काही लेख मात्र सापडत नाहीत. आडनाव प्रभुदेसाई धर्तीचे जोडआडनाव आहे. त्याची आतापर्यंत तीन स्पेलिंगे मिळाली. गुगल स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये दुसऱ्याच कुणाचे लेख शिरलेत. एक्सेलमधली यादी पुन्हा उघडली की ऑर्किड क्रमांकांची (संशोधकांच्या ओळखक्रमांकांची) सुरुवातीची शून्ये गायब दिसतात. सूचीत एकही चुकीची नोंद चालणार नाही. सुरुवात कुठून करावी?

मांडवीकाठ

आधी पबमेडचे बघू, कारण तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

'गोवा' हा शब्द नुसता टाकला की तो शीर्षक, सारांश, पत्ता असा सगळीकडे शोधला जातो. जीन ऑन्टॉलॉजी अ‍ॅनोटेशन नावाच्या प्रकल्पाचे लघुरूप इंग्रजीत नेमके 'गोवा'च्या स्पेलिंगसारखेच आहे आणि तुमचा विषय जनुकांचा. म्हणून तो सगळा ढीग. शब्दानंतर चौकोनी कंसात 'एडी' लिहिले की शोध फक्त संस्थेच्या पत्त्यात होतो.

पण पत्त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. २०१४ च्या आधीच्या नोंदींत पबमेड साधारणपणे पहिल्याच लेखकाचा पत्ता देत असे. मॅडम यादीत मधल्या किंवा शेवटच्या असतील आणि पहिला लेखक मुंबईचा किंवा वेल्लोरचा असेल, तर त्या लेखात गोव्याचे नावच सापडणार नाही. जनुकशास्त्रात मार्गदर्शकाचे नाव बहुधा शेवटी येते, त्यामुळे असे लेख पुष्कळ असणार. जुन्या काळासाठी नाव अधिक विषय असा शोध घ्या: आडनाव व आद्याक्षरापुढे चौकोनी कंसात 'एयू', मग 'अँड', मग विकाराचे नाव.

लेखकाची पूर्ण नावे पबमेडमध्ये २००२ पासून आहेत. त्याआधी फक्त आद्याक्षरे. शिवाय एकच आद्याक्षर दिले तर पबमेड पुढची आद्याक्षरेही धरून शोधते. 'एस' टाकले की 'एसव्ही', 'एसआर' सगळे येतात. नेमके तेवढेच हवे असेल तर नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घाला.

कुळागर

आडनावाचे काम सर्वांत आधी, आणि ते कागदावर. गोव्यातल्या आडनावांना पोर्तुगीज वळणाचे एक आणि नंतरचे इंग्रजी वळणाचे एक, अशी किमान दोन स्पेलिंगे असतात. पोर्तुगीज वळणात 'क' साठी सी, 'श' साठी एक्स. कामतचे कामोती, प्रभूचे पोरोबो, शेटचे सुरुवातीला एक्स. देसाईत एस कधी एक, कधी दोन. जुन्या दाखल्यावर एक आणि लेखांवर दुसरे, हे इथे नेहमीचेच.

जोडआडनावात आणखी एक मेख. मधे जागा सोडून छापले असेल तर नोंद करणारा कधी दोन्ही शब्द मिळून आडनाव धरतो, कधी 'प्रभु' हे मधले नाव समजून नुसते 'देसाई एसपी' करतो. म्हणून हे सगळे शोधा: जोडून, जागा सोडून, संयोगचिन्ह घालून, आणि नुसते देसाई अधिक 'पी'. मधल्या नावाचेही तेच. लग्नाआधी वडिलांचे नाव, नंतर पतीचे. तेवढ्यावर दुसरे आद्याक्षर बदलते आणि स्कोपस ही उद्धरणसूची एका बाईंची दोन माणसे करून टाकते. स्कोपसमध्ये लेखकाची दोन प्रोफाइले एकत्र करण्याची विनंती करता येते. ती त्यांनी स्वतः करावी, कारण कोणते लेख आपले नाहीत हे त्यांनाच ठाऊक.

गुगल स्कॉलरमध्ये लेख आपोआप जोडण्याची सोय बंद करून 'आधी मला विचारा' हा पर्याय घ्या. नाहीतर आज काढलेला परका लेख महिन्याभरात परत येईल.

शेवंतीची वेणी

एनएलपीची बाजू. इथे परिषदेतला पूर्ण लेख हेच मुख्य प्रकाशन असते, कारण तो छापण्याआधी समीक्षकांकडून जातो. वैद्यकीय समितीला हे पुष्कळदा माहीत नसते आणि ती त्याला वैद्यकीय परिषदेतल्या पानभर सारांशाच्या रांगेत बसवते. म्हणून सूचीत तीन वेगळी शीर्षके ठेवा: नियतकालिकांतले लेख, परिषदांतले समीक्षित पूर्ण लेख, आणि सारांश. अंतःस्रावी परिषदांचे सारांश नियतकालिकाच्या पुरवणी अंकात छापले जातात. त्यांना डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) असला तरी ते सारांशच. लेखांत मिसळले तर सगळ्या सूचीवरचा विश्वास उडतो.

शोधायचे कुठे? एसीएल अँथॉलॉजी (एनएलपीच्या लेखांचा संग्रह) आणि डीबीएलपी (संगणकशास्त्राच्या लेखांची सूची). बायोएनएलपी कार्यशाळेचे लेख अँथॉलॉजीत मिळतात. भारतातल्या आयकॉन परिषदेचेही मिळतात. २०१४ ची आयकॉन गोवा विद्यापीठात झाली होती, ते खंड नक्की चाळा. अँथॉलॉजीत एका व्यक्तीची दोन स्पेलिंगे असतील तर दुरुस्तीची विनंती पाठवून ती एका पानावर आणता येतात. डीबीएलपीमध्ये नावापुढे ०००१, ०००२ असे आकडे दिसले तर त्या नावाची अनेक माणसे आहेत हे समजा आणि प्रत्येक पान उघडून बघा.

प्रीप्रिंट (समीक्षेआधी ऑनलाइन ठेवलेला मसुदा) आणि छापील लेख यांचे डीओआय निरनिराळे असतात. नुसत्या डीओआयवरून दुबार नोंदी काढल्या तर ही जोडी सुटते. शीर्षक लहान अक्षरांत करून, विरामचिन्हे काढून ताडून बघा. परिषदेतला लेख वाढवून पुढे नियतकालिकात दिला असेल तर दोन्ही ठेवा, पण 'आधीच्या लेखाचे विस्तारित रूप' असे लिहा. नाहीतर एकच काम दोनदा मोजल्यासारखे दिसते.

एक्सेलचे: एक्सेल आकड्याच्या सुरुवातीची शून्ये टाकून देते. ऑर्किड १६ अंकी आणि त्याची सुरुवात शून्यांनी होते. मधली संयोगचिन्हे काढली की तो साधा आकडा ठरतो आणि ती शून्ये गळतात. शेवटचा अंक तपासणीचा असतो, कधी तिथे एक्सही येतो. फाइल उघडण्याआधी तो स्तंभ 'टेक्स्ट' प्रकाराने आयात करा. झालेले नुकसान नुसता स्तंभ 'टेक्स्ट' करून भरून निघत नाही, सुरुवातीला शून्ये घालून १६ अंक पूर्ण करावे लागतात. जनुकांचा स्तंभही तसाच घ्या. सेप्टेंबर आणि मार्चसारख्या दिसणाऱ्या जनुकचिन्हांच्या एक्सेल तारखा करतो. त्या त्रासामुळे नामकरण समितीने २०२० मध्ये ती चिन्हेच बदलली.

खाजन (फोंडा)

एडी टॅग लावल्यावर ढीग कमी झाला. आता दोन प्रश्न. जुन्या लेखांत जनुकांची नावे वेगळी आहेत, ती सूचीत बदलायची का? आणि १९९४ चा एक लेख पबमेडवर आहे, पण लेखकांत मॅडमचे नावच नाही. छापील प्रतीत मात्र ते बाराव्या क्रमांकावर आहे.

मांडवीकाठ

शीर्षकातले अक्षरही बदलू नका, जसे छापले तसेच हवे. आजचे चिन्ह वेगळ्या स्तंभात लिहा. त्या स्तंभाचा शोधायलाही उपयोग आहे. मोडीतले एचएनएफ१ए जुन्या लेखांत टीसीएफ१ आहे. नुसते टीसीएफ१ शोधाल तर प्रतिकारशास्त्राचे लेख येतील, कारण टी पेशींतल्या टीसीएफ७ जनुकाच्या प्रथिनालाही तेच म्हणतात. सोबत मधुमेह हा शब्द घालाच. सीएएचचे सीवायपी२१ए२ हे पूर्वी सीवायपी२१ किंवा सीवायपी२१बी. उत्परिवर्तनांचे आकडेही एकाने सरकले आहेत: जुन्या लेखातले आय१७२एन आजच्या पद्धतीत १७३ व्या स्थानी, व्ही२८१एल २८२ व्या. एकच उत्परिवर्तन आहे, दोन शोध म्हणून मांडले जाऊ नये.

त्यांच्या एनएलपीच्या लेखांत जनुकांची आखूड चिन्हे दिसली तर तिथेही हीच काळजी. इन्सुलिनच्या जनुकाचे चिन्ह आयएनएस. साध्या शब्दजुळणीने शोधणारी प्रणाली गोव्यातल्या बातम्यांवर चालवली तर दाबोळीच्या आयएनएस हंसाचीही जनुक म्हणून नोंद करेल. संदर्भ बघून अर्थ ठरवण्याचे त्यांचे काम किती मोलाचे, हे समितीतल्या डॉक्टरांना अशा एका उदाहरणाने पटकन कळते. सूचीआधीच्या टिपणात ते घाला.

१९९४ चा लेख: १९८४ ते १९९५ या काळात पबमेडच्या नोंदींत पहिले १० लेखकच घेत असत, पुढे 'आणि इतर'. १९९६ ते १९९९ मध्ये मर्यादा २५ होती, २००० पासून मर्यादा नाही. म्हणजे नोंद चुकलेली नाही, त्या काळच्या नियमाने कापलेली आहे. ऑर्किडवर तो लेख पबमेड क्रमांकाने जोडा आणि समितीला देताना लेखाच्या पहिल्या पानाची स्कॅन प्रत लावा. त्या काळातले बहुकेंद्री अभ्यास आणखी असतील. ते नावाने सापडणार नाहीत, म्हणून पहिल्या लेखकांची नावे मॅडमना विचारून घ्या आणि त्यावरून शोधा.

कुळागर

उद्धरणांचे आकडे देणार असाल तर प्रत्येक आकड्यापुढे कुठून व कोणत्या तारखेला घेतला ते लिहा. स्कॉलर आणि स्कोपसचे एच-निर्देशांक (लेख व त्यांची उद्धरणे यांवरून काढलेला आकडा) सहसा जुळत नाहीत. दोन्हींची सरासरी काढू नका, एकच घ्या.

खाजन (फोंडा)

देव बरे करो. आडनावाची सगळी रूपे आज मॅडमकडून लिहून घेते. १९८४ ते १९९९ मधल्या सहलेखकांची यादीही त्याच बैठकीत मागते.