जळगावात माणसं विरळ आहेत म्हणे!

मंडळी, एक हिशेब जुळत नाहीये. 2011च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या 4,60,228. महापालिकेची हद्द साधारण 68 चौरस किलोमीटर. भागाकार केला तर चौरस किलोमीटरला पावणेसात हजार माणसं. मुंबईचा आकडा वीस हजारांच्या आसपास. म्हणजे आम्ही मुंबईकरांच्या तिप्पट ऐसपैस!

मी जुन्या जळगावात राहतो. गल्ली आठ फुटी. समोरच्यांच्या एसीचं गरम वारं थेट आमच्या ओट्यावर. नळ आले की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू, मग आमच्या पाइपात नुसती हवा. पोरगा म्हणतो पिंप्राळ्याकडे प्लॉट घेऊ, आई ऐकत नाही. हे पावणेसात हजार नेमके कुठे राहतात?

उत्तर 1
भाऊ, भागाकार बरोबर आहे, भाजक फसवा आहे. त्या 68मध्ये मेहरूणचा तलाव आला, रस्ते आले, लेआउटमधले बाभळी उगवलेले प्लॉट आले. ही झाली ढोबळ घनता. फक्त राहत्या जमिनीवर मोजली तर आकडा भलताच निघेल. मुंबई उपनगराच्या आकड्यातही बोरिवलीचं जंगल धरलेलं आहेच. शिवाय 2021ची जनगणना झालीच नाही, तुम्ही जुनी डोकी मोजताय. स्वतःची गल्ली मोजून पाहा, मोबाइलच्या नकाशावर क्षेत्रफळ निघतं.

उत्तर 2
मी धुळ्याचा. आमच्याकडे इंग्रज अधिकारी ब्रिग्ज साहेबाच्या काळात पेठ आखली, गल्ल्या सरळ आणि नंबराच्या. तरी दुपारी गल्लीत लोडिंग रिक्षा शिरली की संपलं. पण भो, घनता वेगळी आणि दाटी वेगळी. आम्ही दोन खोल्यांत अकरा जण होतो. उन्हाळ्यात सगळी गल्ली धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर झोपायची, या धाब्यावरून त्या धाब्यावर गप्पा. आता त्याच जागेवर तीन मजली घर आहे, आत चार माणसं. माणसं घटली, स्लॅब वाढले, वारा अडला. तुमचं दुखणं मला स्लॅबचं वाटतं.

मूळ प्रश्नकर्ता
मोजली. लांबी 110 मीटर, दोन्हीकडची घरं धरून रुंदी 30. घरं 34. आईने ओट्यावर बसून एकेका घराची डोकी तोंडपाठ सांगितली, माहेरपणाला आलेल्या लेकी वजा करून. 211 माणसं. म्हणजे चौरस किलोमीटरला चौसष्ट हजार! अर्थात एवढीशीच जागा मोजली, मोठा रस्ताही धरला नाही, त्यामुळे आकडा फुगलाय हे कबूल.

धुळ्याच्या दादांचंही खरं निघालं. त्या 34मध्ये पाच घरांत फक्त म्हातारा-म्हातारी. दोन घरांना कुलूप, पोरं पुण्याला. आईने त्या दोन घरांचीही माणसं मोजली होती. मी वजा करायला लागलो तर म्हणाली, "दिवाळीले येतस ना ते."