अध्यक्षांचं दप्तर मोडू नका

कॉलेजच्या जुन्या कागदपत्रांपैकी विश्वस्त मंडळाची इतिवृत्तं, म्हणजे बैठकांच्या नोंदी, जपली की पुरे, कॉलेजच्या अध्यक्षांचा (प्रमुखांचा) पत्रव्यवहार रद्दीत गेला तरी चालेल, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. इतिवृत्तात फक्त ठराव उरतो, त्यामागची घालमेल पत्रांतच सापडते.

अमेरिकेचंच बघा. 1905 मध्ये पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींनी प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी 1 कोटी डॉलर दिले, पण चर्चच्या ताब्यातली कॉलेजं त्यातून वगळली. मग अशा कॉलेजांच्या अध्यक्षांपुढे पेच: चर्चशी नातं तोडायचं की म्हाताऱ्या प्राध्यापकांना वाऱ्यावर सोडायचं? काही कॉलेजांनी खरंच नातं तोडलं. अशा वेळी बिशपना गेलेलं पत्र आणि देणगीदाराला गेलेलं पत्र शेजारी ठेवून वाचावं, सूर किती बदलतो ते कळतं. पातळ कागदावरची कार्बन कॉपी, समासात पेन्सिलीचा शेरा, कधी खोडलेली एखादी ओळ. हे कुठल्याही वार्षिक अहवालात मिळणार नाही.

आणि कृपा करून फायली विषयवार नव्याने लावू नका. अध्यक्षांच्या कचेरीने लावलेला क्रम हाही पुरावाच असतो. विद्यार्थ्यांच्या शिस्तभंगाची प्रकरणं मात्र वेगळी काढून बंद ठेवावीत. अमेरिकेत त्यासाठी 1974 चा विद्यार्थी-गोपनीयतेचा कायदा आहेच.