पहिला प्लांटेड टँक (जिवंत पाणवनस्पतींचं अक्वेरियम): खाली माती की रेती? मदत हवी आहे
मंडळी, दोन फुटी टँक आहे, सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड) नाही लावणार. अक्वासॉइल (टँकच्या झाडांसाठीची तयार माती) लई महाग पडतेय म्हणून खाली इंचभर चाळलेली बागेतली माती, खत न घातलेली, अन वर दीड इंच कन्हान नदीची रेती असा विचार आहे, पण रेतीवर व्हिनेगर टाकलं तर बारीक फेस आला, म्हणजे चुना असेल ना, पाणी अजून जड (क्षारांचं) होईल का? मागे व्हॅलिस्नेरिया लावतो, तिला जड पाणी चालतं. अनुबियास अन जावा फर्न लाकडाला बांधतो, त्यांचं खोड गाडलं की सडतं. खरी काळजी मे महिन्याची, आपल्याकडे पारा 45 ला जातो, टँकचं पाणी तिशीच्या वर जाणारच, त्यात जावा फर्न टिकतो का? नागपूरचा उन्हाळा काढलेल्यांनी प्लीज सांगा.