बागेच्या फाटकातून व्हीलचेअर जावी, दुचाकी जाऊ नये: खांबांत किती अंतर ठेवायचं?

वडाचा_पार:
दुचाक्या घुसतात म्हणून महापालिकेच्या बागेचं मोठं फाटक कायम कुलपात आणि बाजूला फिरकी, म्हणजे एकेक माणूस जाईल असं फिरतं फाटक. तिच्यातून व्हीलचेअर जातच नाही, बाबागाडीही उचलून न्यावी लागते. फिरकी काढून खांब लावायचं घाटतंय. अंतर किती हवं?

ओळंबा:
नुसत्या खांबांनी हे साधणार नाही. स्कूटर साधारण ७०० मि.मी. रुंद, व्हीलचेअर ६५० ते ७००. चाक फिरवणाऱ्याची कोपरं धरून ९०० मोकळे लागतात आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात जाते. खांब अडवतात ते चारचाकीला.

फरक लांबीत आहे. स्कूटर १८०० च्या आसपास. व्हीलचेअर १२०० च्या आत, शिवाय जागच्या जागी वळते. म्हणून दोन कठडे एकामागे एक, नागमोडी वाट होईल असे: मधलं अंतर १५००, कठड्याच्या टोकाशी वाट १२००. स्कूटरवाल्याला उतरून गाडी मागेपुढे करावी लागते. ढकलत आणणारा तरीही आत येईल, पण भरधाव कोणी येणार नाही, आणि चालणाऱ्यांना धोका वेगाचाच असतो. मधलं अंतर कमी करण्याचा मोह टाळा. आधी व्हीलचेअरच अडकेल.

रोजची_फेरी:
कठड्याची खालची दांडी जमिनीपासून ३०० मि.मी. च्या आत हवी. वर असली तर पांढरी काठी खालून निघून जाते आणि दांडी थेट पोटाला लागते. खांबांमध्ये साखळी तर नकोच.

वळणावर पेव्हर ब्लॉक टाळा. सगळी चाकं तिथेच फिरतात, खालची वाळू पावसात वाहून जाते, ब्लॉक बसतो. नुसती २० मि.मी. ची कड उरली तरी पुढचं छोटं चाक अडतं आणि माणूस पुढे फेकला जातो. खरखरीत काँक्रीट करा, पाणी निघायला ५० ला १ उतार. कठड्याचे पाईप जमिनीलगतच गंजतात, म्हणून बुडाशी पाणी साचू देऊ नका.

ओळंबा:
मोठं फाटक रुग्णवाहिकेसाठी लागतंच. त्याची किल्ली एकट्या रखवालदाराकडे नको.

सनदशीर:
महापालिकेला द्यायच्या अर्जात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करा. ‘सार्वजनिक इमारती’च्या व्याख्येत करमणुकीच्या वापराच्या इमारतीही येतात. फिरकीच्या फटीला टेप लावून फोटो जोडा, टेपवरचा आकडा वाचता येईल इतक्या जवळून.