गोळी घेतली, तरी कॉपर टी बसवावी का? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, परवा रात्री कंडोम फाटला. काल सकाळी गर्भ राहू नये म्हणून लेव्होनॉर्जेस्ट्रेलची (संबंधानंतर घ्यायची तातडीची) १.५ मिलिग्रॅमची गोळी घेतली, पण तासाभरात उलटी, चहासकट सगळं बाहेर. दोन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी लागते, म्हणून दुसरी आणली. (केमिस्टने वर्तमानपत्रात अशी गुंडाळून दिली, जणू चोरीचा माल!) आता डोकं जड आहे, मळमळतंय. गोळी ७२ तासांत घ्यायची, आणि जितका उशीर तितका भरवसा कमी. कॉपर टी (गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवायचं तांब्याचं छोटं साधन) मात्र पाच दिवसांच्या आत बसवली तर गोळीपेक्षा कितीतरी खात्रीची. पुढची काही वर्षंही काळजी नाही. पण तिच्यामुळे पाळीत अंगावरून जास्त जातं, कळाही येतात. मूल होण्याआधी कुणी बसवली आहे का? बसवताना कितपत दुखलं? पाळीचा त्रास नंतर कमी झाला का? उद्या डॉक्टरांकडे जातेय, त्याआधी सांगाल तर बरं होईल.